पाच मिनिटांचा आरसा

वासंतीबाईंना सवत मिळाली ती साठीनंतर, काचेच्या पेटीत, आणि वर तो नर!

अनंतराव बँकेतून निवृत्त झाले आणि फ्लॉवरहॉर्न जातीचा मासा घेऊन आले. लालभडक अंग, कुशीवर काळ्या ठिपक्यांची रांग आणि कपाळावर हे एवढं थोरलं टेंगूळ. त्या टेंगळाचंच म्हणे सगळं कौतुक! दुसरा मासा सोडला तर फाडून खाईल, म्हणून स्वारी एकटीच. "राजे, जेवलात का?" अनंतराव काचेला बोट लावून विचारायचे, आणि तो मेला शेपूट हलवत बोटामागे फिरायचा. वासंतीबाईंना अडतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. नुसता जळफळाट व्हायचा त्यांचा.

रोज संध्याकाळी अनंतराव पेटीला बाहेरून आरसा लावायचे. आपलंच रूप बघून मासा कल्ले फुगवायचा, चवताळून अंगावर जायचा. त्याने टेंगूळ वाढतं, असं शौकीन लोक सांगतात. पण पाच मिनिटं म्हणजे पाचच, घड्याळ लावून. जास्त झालं तर मासा दमून मरतो.

परवा अनंतराव विश्रांतवाडीला बहिणीकडे निघाले. बायको सकाळपासून तापाने कण्हत होती, ते काही दिसलं नाही. दारातून ओरडले, "राजांना दुपारी दाणे घाल गं!"

वासंतीबाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी आरसा उचलला, काचेला टेकवून ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या राजे, भांडा."

तीन तास तो भांडला. काचेवर धडाधड धडका. बाई खुर्चीत बसून बघत राहिल्या, आधी मजेत, मग त्याचं तोंड सोललेलं दिसलं तेव्हा घाबरून. आरसा काढेपर्यंत मासा तळाशी आडवा झाला होता, रंग पार उतरलेला.

संध्याकाळी अनंतराव आले आणि पेटीसमोर मटकन बसले. "अगं, काय झालं याला?"

"मी आरसा ठेवला. दुपारभर. मुद्दाम."

अनंतराव स्वयंपाकघरातून मिठाची वाटी घेऊन आले; माशाच्या जखमांवर तोच उतारा. पाण्यात मीठ टाकायला वाकले आणि म्हणाले, "त्याला वाटलं असेल, आपल्या घरात दुसरा कुणी घुसलाय. जिवाच्या आकांताने हाकलत बसला असेल बिचारा."

"अहो, मग मी काय करत होते?" वासंतीबाई म्हणाल्या, आणि हुंदका देऊन रडायला लागल्या.

अनंतराव वाटी हातात धरून तसेच उभे राहिले. तळाशी मासा कल्ले हलवत होता. मीठ टाकायचं राहिलंय, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.