दोन बोटांचे जाळे

मित्रांनो, मी एक जुने जाळे आहे. बाकीच्या वस्तू जुन्या झाल्या की झिजतात, तुटतात आणि एक दिवस सुटतात. मी नायलॉनचे आहे, मला सुटका नाही. आज मी घाईघाईने बोलते आहे, कारण या क्षणी माझ्यात महासीर माशाची एक मादी अडकली आहे आणि ती अजून जिवंत आहे.

माझा जन्म भोपाळमधल्या गोविंदपुऱ्यात, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. यंत्राने माझे दोन पट्टे विणले. ते हाताने जोडण्यासाठी मला इंद्रपुरीत विजयाताईंच्या घरी नेले. त्यांचे यजमान भालचंद्रराव कारखान्यातून निवृत्त झालेले वेल्डर. चाळीस वर्षांपूर्वी दोघे नागपूरहून भोपाळला आले होते. ताई जाळ्याचे घर, म्हणजे दोऱ्यांमधले भोक, बोटांनी मोजत. चार बोटे आत गेली की घर बरोबर, लहान मासा त्यातून निसटतो.

माझ्या घरात दोनच बोटे गेली.

"अमित, हे चुकलंय रे," ताई मासेमारीच्या ठेकेदाराच्या माणसाला म्हणाल्या.

"चुकलं नाही आंटी, ऑर्डरच अशी आहे. छोटी-बडी सब बिकती है."

"आणि पुढच्या वर्षी काय धरशील? पाणी?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी," अमित हसला आणि निघून गेला.

ताईंनी काम केले. शेवटची हातभर शिवण राहिली आणि नायलॉनचा दोरा संपला. त्यांनी डब्यातून गोधडीचा सुती दोरा काढला.

"अगं, पाण्यात कुजेल तो!" भालचंद्रराव म्हणाले.

"कुजू दे. माशांना तेवढी तरी वाट राहील."

माझ्या चकचकीत अंगावर ते ठिगळ! मला तेव्हा त्याची लाज वाटली होती.

मग मी शहराबाहेरच्या धरणावर, मासेमार हल्केराम रैकवारच्या नावेत गेले. त्या धरणात वरून एक नदी येते. पाणी चढू लागले की महासीर मासे नदीच्या तोंडाशी जमतात आणि अंडी घालायला वर, नदीतल्या दगडगोट्यांच्या उथळ पाण्यात जातात. नेमक्या त्या तोंडावर मला आडवे लावले. पहिल्याच दिवशी नाव भरली. "क्या जाल है!" म्हणत हल्केरामने माझ्यावरून हात फिरवला आणि मी फुलून गेले. जवाहर चौकातल्या बाजारात मासे कापताना पोटातून अंडी निघतात आणि नालीत जातात, असे तो एकदा सांगत होता. मी ते कानाआड केले. ते पाप माझे आहे.

मग बंदी आली. अंडी घालण्याच्या त्या दोन महिन्यांत पाण्यात जाळे ठेवायचे नसते. तरी मी होते. दुरून गस्तीच्या बोटीचा आवाज आला. मला वरून धरून ठेवणाऱ्या रिकाम्या बाटल्यांकडे बोट दाखवून अमित म्हणाला, "काट दे बोतलें. डूबने दे. बाद में निकालेंगे."

"भैया, फिर मिलेगा नहीं."

"काटता है कि पकडवाएगा?"

बाटल्या गेल्या, त्यांच्याबरोबर माझी खूणही गेली. मी खाली जाऊन दोन बुडालेल्या झाडांमध्ये अडकले आणि तसेच ताणलेले राहिले. बंदी उठल्यावर हल्केरामने दोन दिवस दोरीला बांधलेला लोखंडी आकडा पाण्यात फिरवून मला शोधले. मी सापडले नाही.

याला सहा वर्षे झाली. तेव्हापासून मी मासे धरते आहे, आणि ते कोणासाठीच नाही. मासा अडकतो, मरतो, सडून गळून पडतो आणि माझे घर पुन्हा रिकामे, पुन्हा तयार. मला धरायचे शिकवले, सोडायचे कोणी शिकवलेच नाही. पहिल्या वर्षी महासीर थव्याने आले. नंतर दहाबारा. यंदा दोन.

आज सकाळी नर पुढे आला. त्याने नेमकी गोधडीच्या दोऱ्यावर धडक दिली. कुजलेला दोरा तुटला, तो पार झाला. पोटात अंडी घेऊन मादी मागोमाग आली, पण हातभर बाजूला. फक्त हातभर! तिचा कल्ला अडकला. ती वळली, तसे मी तिच्याभोवती गुंडाळले गेले. मी एकेक गाठ सैल करून पाहिली. नायलॉन ऐकत नाही.

दुपारी डोक्यावर नाव थांबली. हल्केरामचा आवाज मी ओळखला.

"भैया, अब महासीर आती ही नहीं."

"कहीं और चली गई होगी," अमित म्हणाला.

"जाएगी कहाँ? नदी तो एक ही है."

त्याने सवयीने आकडा टाकला. आकडा माझ्यापासून वीतभर अंतरावरून गेला. इथे आहे ती! इथे, तुझ्या नावेखाली! पण मला तोंड नाही. त्यांनी आकडा ओढून घेतला, नाव निघून गेली.

मित्रांनो, तुमच्याशी बोलता बोलता तिचा कल्ला थांबला आहे.

तिकडे वर, गोट्यांवर, तो एकटा थांबला असेल.

घरातल्या मोठ्यांना विजयाताईंची चार बोटे दाखवा. बंदीत कोणी जाळे बुडवताना दिसले तर गप्प बसू नका. आणि उन्हाळ्यात धरण उतरेल, तेव्हा नदीच्या तोंडाशी दोन वाळक्या झाडांचे शेंडे पाण्याबाहेर दिसतील. त्यांच्या मधोमध मी आहे. मला ओढून काढा, कापून टाका. यापुढे कोणी येईल की नाही, मला ठाऊक नाही. पण एखादी आलीच, तर तिच्या वाटेत मी नको.