म्हसोबाची उंची

केडगावात पुणे रस्त्यालगत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत मधुवंतीनं आणि कल्याणनं गुढीपाडव्याला सर्व्हे कंपनी काढली. भांडवल म्हणजे एक जुनं लेव्हल मशीन, उंची वाचायची आकड्यांची लांब पट्टी, म्हणजे स्टाफ, दोन खुर्च्या आणि भिंतीवर एक काळा फळा. फळा मधुवंतीचा हट्ट. तिचे वडील रविकांत सर शाळामास्तर, त्यामुळे चूक झाली की ती फळ्यावर गेलीच पाहिजे, हे बाळकडूच. कल्याण पाथर्डीकडचा, ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत वाढलेला. त्याच्याकडे चुकीला फळा नव्हता, पाठीत धपाटा होता. तो म्हणायचा, "मॅडम, धपाटा लवकर पाठ होतो."

सहा महिन्यांत फळ्यावर बरंच काही जमलं होतं. ‘निघण्याआधी तिपाईचे स्क्रू तपासा.’ ‘वस्तीवर कुत्रं असेल तर लांबून हाक मारा.’ ‘सरपंचाचा चहा नाकारू नका, मोजणी अडते.’ असले शहाणपणाचे मोती. खरा धडा अजून यायचाच होता.

तो आला अकोले तालुक्याच्या डोंगरातून. तिथल्या एका गावाच्या माथ्यावर बारमाही झरा होता. झऱ्याजवळ खिंड, आणि खिंडीपलीकडे अकरा घरांची वरची वाडी. झऱ्याची वाट कड्याच्या कडेनं, डोक्यावर हंडा घेऊन जमण्यासारखी नव्हती; म्हणून वाडीच्या बाया पाण्यासाठी डोंगर उतरून खालच्या विहिरीवर जायच्या. पुण्याची एक संस्था झऱ्याचं पाणी खालच्या गावाला आणि वाडीला न्यायला पाईप द्यायला तयार होती, पण अट एकच: मोटार लागता कामा नये. पाणी आपल्या उतारानं जात असेल तरच वाडीला पाईप. ते जातं की नाही, हे सांगायचं काम या दोघांचं.

कल्याणनं वैशाखात झऱ्यापासून खिंडीपर्यंत मोजलं. पुढची मोजणी जिथून धरायची, ती खूण कधीच हलणार नाही अशी हवी. खिंडीत म्हसोबा होता, शेंदरानं लाल झालेला दगड. अख्ख्या डोंगरात याच्याइतकं पक्कं दुसरं काय असणार? कल्याणनं चपला काढल्या, नमस्कार केला, स्टाफ देवाच्या माथ्यावर टेकवला आणि फील्डबुकात लिहिलं: ‘खूण – म्हसोबाचा माथा.’ मग पाऊस लागला आणि काम थांबलं.

दिवाळीनंतर कल्याण दुसऱ्या साईटवर अडकला, म्हणून मधुवंती एकटीच आली. हिरड्याच्या झाडाखाली म्हसोबा बसलेला होता. तिनंही चपला काढल्या, नमस्कार केला, त्याच माथ्यावरून पुढे वाडीपर्यंत मोजलं. उलट मोजत परत झऱ्यापर्यंत यायचं, हा नियम तिला पाठ होता. पण दुपारची शेवटची जीप चारला निघत होती. तिनं मनाशी म्हटलं, देव कुठे पळून जातोय?

हिशेब झाला तेव्हा वाडीच्या टाकीची जागा झऱ्यापेक्षा चार बोटं उंच निघाली. पाणी चढ चढत नाही, त्याला कोण काय करणार?

हे सांगायला ती वाडीत गेली. शेवटच्या घरातल्या गोजरबाईनं ऐकून घेतलं. साठी उलटलेली बाई, डोक्यावर चुंबळ ठेवायची सवय इतकी जुनी की बोलतानाही मान ताठ. "बरं," ती म्हणाली. "मशीनच न्हाई म्हनतंय, तर मंग न्हाई." आणि तिनं चहा दिला. त्या चहातलं पाणी डोंगराखालून आलेलं होतं. मधुवंतीला तो घोट गिळवेना, पण तिनं कप रिकामा केला. त्यानंतर कितीतरी दिवस कंपनीत चहा आला की तिला ती ताठ मान आठवायची.

माघात पाईप आले, फक्त खालच्या गावापुरते. दुसऱ्या दिवशी चर खणायला सुरुवात होणार होती. चुन्याची रेघ मारायला मधुवंती आणि कल्याण पहिल्यांदाच बरोबर डोंगरात आले. खिंडीत पोचले आणि ती थबकली. म्हसोबा हिरड्याखाली नव्हता. छातीएवढ्या दगडी ओट्यावर, नवीन शेंदूर लावून ऐटीत बसला होता.

"हा वर कधी चढला?" तिनं विचारलं.

कल्याणनं तिच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "वर? वरच होता की. मी उडी मारून ओट्यावर चढलो होतो मॅडम, पाय खरचटला होता माझा."

ओट्याच्या सांध्यात सिमेंट भरत बन्सी गवंडी बसला होता. त्यानं थापी न थांबवता खुलासा केला, "आषाढातल्या पावसात ओटा ढासळला ना. देवाला उघड्यावर कसं ठेवनार? सुताचा दोरा बांधून, नारळ फोडून खाली झाडाखाली बसवला हुता. आता परवा चढवला परत."

म्हणजे कल्याणनं देव ओट्यावर असताना मोजलं होतं आणि तिनं तो जमिनीवर असताना. देव छातीभर खाली आला, हे फील्डबुकाला कुणी सांगितलंच नव्हतं. वाडी छातीभर उंच धरली गेली होती. तिनं अकरा घरांना ‘नाही’ म्हटलं होतं, आणि ते ‘नाही’ एका ढासळलेल्या ओट्यावर उभं होतं.

"उद्या खणायला लागतील," कल्याण हळूच म्हणाला. "आधी गुपचूप मोजू. नाहीच जमलं तर सांगायचं कशाला?"

मधुवंतीला क्षणभर तो मोह झाला. पहिलंच वर्ष. ‘यांना देवाची उंची मोजता येत नाही’ असं तालुकाभर झालं तर गिरणीवरची खोली रिकामी करावी लागेल. पण जीप पकडायची घाई तिची होती, कल्याणची नव्हती. "नाही," ती म्हणाली. "वाडीसमोर मोजायचं. चुकलेय मी, तर चूक निस्तरायचीही त्यांच्यासमोर."

ती गोजरबाईच्या दारात गेली आणि म्हणाली, "मावशी, माझी मोजणी चुकलीये. पाणी येईल असं म्हणत नाही. पण तुम्हाला ‘नाही’ म्हणाले ते चूक होतं."

सगळी वाडी मशीनमागे आली. झऱ्यापासून वाडी, आणि या खेपेला वाडीपासून परत झरा. एक जीप गेली, दुसरी गेली. आकडे कल्याण वाचत होता आणि ती लिहीत होती. शेवटची बेरीज तिनं दोनदा केली, मग कल्याणला करायला लावली.

"साडेतीन फूट," कल्याण म्हणाला. "वाडी झऱ्यापेक्षा साडेतीन फूट खाली आहे. पाणी येतंय मॅडम!"

मधुवंती तिथेच बांधावर बसली आणि रडली. चार लोकांत रडू नये वगैरे तिला सगळं ठाऊक होतं. पण छातीवरचा दगड उतरला की डोळे कुणाची परवानगी मागत नाहीत. गोजरबाई शेजारी टेकली.

"न्हाई म्हननारं लई आलं आमच्याकडं," ती म्हणाली. "परत येऊन मोजनारं कुनी न्हाई आलं, पोरी."

त्याच संध्याकाळी संस्थेला फोन केला, चूक सांगितली. त्यांनी आधी खरपूस झापलं आणि मग उरलेले पाईप पाठवले. पाडव्याच्या आदल्या दिवशी वाडीच्या टाकीत पाणी पडलं. गोजरबाईनं पहिला हंडा म्हसोबाला घातला, दुसऱ्याचा चहा केला. मधुवंती दोन कप प्यायली.

ती परतण्याआधी बन्सीनं तिच्या सांगण्यावरून खिंडीत, ओट्यापासून दहा पावलांवर, काँक्रीटचा खांब पुरला. यापुढची प्रत्येक मोजणी त्याच्यावरून. देवाला आता सुट्टी. फळ्यावर लिहायचा धडाही तिनं मनात जुळवून ठेवला: ‘उलट मोजत आल्याशिवाय जीप पकडू नये.’

पाडव्याला दोघं पेढे घेऊन वाडीत आले, तर खिंडीत कल्याणनं कपाळावर हात मारला. खांबाला शेंदूर फासलेला, पुढे फोडलेला नारळ, वर झेंडूची माळ, आणि शेजारी गोजरबाई.

"मावशी, हे काय?" मधुवंती ओरडलीच. "हा देव नाही, खूण आहे. हा हलता कामा नये!"

"पानी दिलं त्यानं. मंग द्येवच की." गोजरबाईनं नारळाची वाटी तिच्या हातावर ठेवली. "आन् भिऊ नगंस. हलवायचा झालाच, तर आदी तुला फोन करू."