मऊ अस्तर

पहिला तुकडा तोंडापर्यंत पोचायच्या आतच बिट्टीच्या मनगटावर चापट बसली. भाताचा लांबट गोळा एकीकडे गेला, त्यावरची माशाची गुलाबी चकती दुसरीकडे.

“उजवा,” आजोबा म्हणाले.

आवाज चढवला नव्हता. आजोबा आवाज कधीच चढवायचे नाहीत, हीच तर पंचाईत होती. ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं. शांतपणे भलं करायला निघालेल्या माणसापुढे कुणाचं काय चालणार?

बिट्टीनं डावा हात मांडीखाली दडपला आणि आजीकडे बघितलं. आज तिचा सातवा वाढदिवस होता आणि इथे यायचा हट्टही तिचाच. आजीच्या दुकानापासून तीन दारं सोडून हे सुशीचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणायचं ते केवळ कौतुकानं. भिंतीला टेकलेल्या चार छत्र्या, एक लाकडी ओटा आणि त्यापुढे आठ खुर्च्या, बस्स. ओट्याच्या पलीकडे म्हातारा मालक उभा असायचा. तो भात हातात घेऊन गोळा वळायचा, वर माशाची चकती दाबायचा आणि तुकडा थेट गिऱ्हाइकापुढे ठेवायचा. काड्यांनी खा नाहीतर हातानं, पण ठेवल्या ठेवल्या खा, एवढंच त्याचं म्हणणं असायचं. शाळेतून आजीकडे येताना बिट्टी रोज काचेला नाक लावून हे सगळं बघायची. भातावर मासे झोपतात, असं तिनं वर्गात सांगूनही टाकलं होतं.

आजीला अख्खी गल्ली टेलरबाई म्हणायची. नवे कपडे त्या शिवायच्या नाहीत. लांब बाह्या आखूड करणं, ढगळ कंबर आत घेणं, गेलेली चेन बदलणं, असली कामं. म्हाताऱ्या मालकाचे पांढरे डगलेही त्यांच्याकडेच यायचे, कारण तो दरवर्षी थोडा थोडा आखडत चालला होता आणि डगले होते तेवढेच राहत होते. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, या एकदा जेवायला. टेलरबाई नुसतं हसायच्या. बोलणं त्यांना पहिल्यापासून बेताचंच.

आजोबांचं तसं नव्हतं. त्यांनी सगळं आयुष्य गाडी शिकवण्यात घालवलं होतं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या वेगळ्या ब्रेकवर पाय ठेवायचा आणि त्याच्या हातांवरून नजर हलू द्यायची नाही. आता ते धंद्यातून मोकळे झाले होते, पण ब्रेकवरचा पाय काही निघाला नव्हता. घरात दूध उतू जायच्या आधी ते गॅस बंद करायचे, आणि दूध तापायचंच राहायचं.

“लहान आहे तोवरच वळण लागतं,” ते आता मालकाला समजावून सांगत होते. “जग उजव्या हाताचं आहे. कात्री घ्या, कुलूप घ्या. उद्या मोठी झाली की हिलाच त्रास.”

मालकानं मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. त्यानं सांडलेला भात फडक्यानं टिपून घेतला.

बिट्टीची आई मधल्या खुर्चीवर बसून चहात बघत होती. ती दिवसभर कामाला जायची, पोर आईबापांच्या भरवशावर. शाळेतून चिठ्ठी आली होती की मुलगी लिहिण्यात मागे पडते, आणि आजोबांनी ते काम अंगावर घेतलं होतं. आपल्या बाबांनी एखादं काम अंगावर घेतलं की त्यात दुसऱ्याला शिरायला फट नसते, हे ती लहानपणापासून शिकली होती. गेले पंधरा-वीस दिवस नुसती टोकाटोकी आणि चापट्या चालू होत्या. सोमवारपासून खरी शिकवणी सुरू व्हायची होती. अभ्यासाला बसलं की बिट्टीचा डावा हात पिशवीत घालून मनगटाशी बांधायचा, म्हणजे पेन्सिल उजव्यातच जाईल.

पिशवी तयार होती. टेलरबाईंच्या पर्समध्ये घडी करून ठेवली होती. ती त्यांनीच शिवली होती.

नवऱ्यानं सांगितलं, बिट्टीच्या हाताचं माप घेतलं, आणि शिवली. जाड निळं कापड, तोंडाशी नाडी. आणि आतून जुन्या सुती चादरीचं मऊ अस्तर. पोरीला टोचू नये म्हणून त्यांनी शिवण उलटी घेतली होती, टोकं बोटानं चाचपून बघितली होती. काल दुकानात शेवटचा दोरा तोडताना त्यांना एकदम स्वतःचं लहानपण आठवलं. त्यांच्या स्वतःच्या हाताला बांधायचे ते पोत्याचं तरटाचं कापड होतं, आणि बांधणारी त्यांची आई होती, तीही त्यांचं भलंच करत होती. एवढ्या वर्षांत सुधारणा काय झाली, तर अस्तर आलं.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. टेलरबाई जन्माच्या डावखुऱ्या. दोन वर्षं हात बांधून ठेवला तेव्हा कुठे उजव्याची सवय झाली, आणि त्याच दोन वर्षांत जीभ अडखळायला लागली. मुलं चिडवायची, बाई वाचायला उभं करायच्या आणि वर्ग हसायचा. मग त्यांनी बोलणंच कमी केलं. मोठेपणी अडखळणं गेलं, कमी बोलणं राहिलं. लोक म्हणायचे, किती शांत स्वभाव आहे. लग्नाच्या वेळी तर तो गुण म्हणून सांगितला होता. आजसुद्धा फार राग आला की पहिल्या अक्षरावर गाडी अडायची, म्हणून त्या रागवायच्याही नाहीत.

मालकानं नवे तुकडे ठेवले. आजोबांपुढे एक, लेकीपुढे एक. तुकडे नीट सरळ नसायचे, जरासे तिरके, उजव्या हातात अलगद यावेत असे. बिट्टीपुढे ठेवताना मात्र त्यानं मनगट वळवलं आणि तुकडा उलट्या बाजूला तिरका ठेवला.

गाडीच्या आरशात बघायची सवय असलेल्या माणसाच्या हे लगेच लक्षात आलं.

“तिचा तुकडा वेगळा का?”

“ज्याचा जो हात, तशी आमची ठेवायची पद्धत आहे,” मालक म्हणाला.

“तोच तर हात सोडवायचाय. तुम्ही उलट सवय लावताय.” आजोबांनी बोटानं तुकडा फिरवून सरळ केला. “खा आता. उजव्यानं.”

बिट्टीनं आजीकडे तोंड वळवलं. “आ-आ-आ...” तिचे ओठ उघडेच राहिले. पुढचं अक्षर येईना. “आ-आजी, मला नको.”

“हे काय नवीन?” तिची आई म्हणाली. “परवापासून असंच करते. वर्गात कुणाची तरी नक्कल करत असेल.”

टेलरबाईंनी कप खाली ठेवला. त्यांना माहीत होतं ती कुणाची नक्कल नव्हती. तो त्यांचाच जुना आवाज होता, पोत्याच्या कापडाच्या वासासकट, आणि तो आता या एवढ्याशा जिवाच्या तोंडून येत होता. त्यांना नवऱ्याचा राग आला. मेलेल्या आईचा आला. सगळ्यात जास्त त्या मऊ अस्तराचा आला.

तेवढ्यात मालकानं त्यांच्यापुढे तुकडा ठेवला. तोही उलट्या बाजूला तिरका.

आजोबा हसले. “अहो, नातीबरोबर आजीलाही डावखुरी केलीत का?”

मालकानं सुरी पुसली. त्याला वाटलं असावं की आपलं चुकलं, कारण तो संकोचत बोलला. “बाई चहाचा कप घेताना डावा हात पुढे करतात. मग तो मागे घेतात आणि उजव्यानं उचलतात. आज दोनदा बघितलं. दुकानातही एकदा दोऱ्याचं रीळ टेबलावरून घरंगळलं होतं, ते त्यांनी डाव्यानंच झेललं. मला वाटलं...”

“काहीतरीच काय,” आजोबा म्हणाले. “उभा जन्म गेला माझा हिच्याबरोबर. मला कळणार नाही?”

कसं कळणार? टेलरबाईंना ओरडून विचारावंसं वाटलं. गाडी शिकायला आलेल्या कोण कुठल्या माणसांचे हात या माणसानं दिवसच्या दिवस निरखले. कुणाचा अंगठा कुठे असतो, घाबरल्यावर कुणाची मूठ आवळते, सगळं तोंडपाठ. आणि रोज सकाळी चहाचा कप पुढे करणारा हात त्यानं एकदाही बघितला नाही. ज्याच्या फक्त बाह्यांची लांबी त्यांना माहीत होती, त्या परक्या माणसानं दोन कपांत बघितला.

“ते जाऊ दे,” आजोबा म्हणाले. “सोमवारची वाट कशाला बघायची? आण ती पिशवी. इथे बांधली की निमूट खाईल. लोकांसमोर हट्ट चालत नाही.”

“बाबा, आज वाढदिवस आहे तिचा,” लेक पुटपुटली.

“म्हणूनच. चांगल्या दिवशी चांगली सुरुवात.”

बिट्टीनं मांडीखालून हात काढून पाठीमागे नेला. टोकाच्या खुर्चीवर एक पोस्टमन जेवत होता, त्यानं चावायचं थांबवलं. टेलरबाईंनी पर्स उघडली. पिशवी काढून ओट्यावर ठेवली, हातानं सपाट केली. आजोबांनी ती घ्यायला हात पुढे केला, तेव्हा टेलरबाईंनी आपला उजवा हात त्यांच्यापुढे धरला.

“बा...” अक्षर अडलं. पंचेचाळीस वर्षांत नवऱ्यानं हे ऐकलं नव्हतं. त्याचा चेहरा बघून त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला, पण थांबल्या नाहीत. “बा-बा-बांधा. माझ्या या हाताला बांधा. ज-जेवण होईपर्यंत. मग बिट्टीचं बघू.”

“अगं, काय हे...”

“तिचं बोलणं का अडायला लागलंय, विचारलंत? म-मला विचारा. मी सांगते. मला पण असंच बांधलं होतं.”

अडखळत, एकेक अक्षर ढकलत टेलरबाईंनी सगळं सांगितलं. पोत्याचं कापड सांगितलं, हसणारा वर्ग सांगितला. आणि शेवटी हेही सांगितलं, की तुम्ही ज्या शांत बाईशी लग्न केलंत ती शांत नव्हतीच, तिला फक्त बोलायची भीती वाटायची. लेकीनं तोंडावर हात धरला होता. आजोबा मध्ये काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. त्यांचा पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर दाबलेला होता.

मग त्यांनी पिशवी उचलली. सवयीनं उलटीसुलटी करून बघितली, आत दोन बोटं घातली.

“याला आतून अस्तर आहे,” ते म्हणाले.

“हो,” टेलरबाई म्हणाल्या. “माझ्या वेळी नव्हतं.”

आजोबांनी पिशवीची घडी केली. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना. अखेर त्यांनी ती कोटाच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून बसून राहिले. त्यांनी माफी मागितली नाही. तेवढं त्यांना येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यानं भागणारही नव्हतं. फक्त बिट्टीपुढचा तुकडा, जो त्यांनी सरळ केला होता, तो त्यांनी बोटानं हळूच पुन्हा होता तसा फिरवला.

बिट्टीनं आजोबांकडे बघत बघत डावा हात पुढे आणला. चापट आली नाही. तिनं तुकडा उचलला आणि अख्खाच्या अख्खा तोंडात कोंबला, गाल फुगले.

टेलरबाईंच्या पुढचा तुकडा अजून तसाच होता. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला. कात्रीनं त्याच्या अंगठ्याला घट्टा पडला होता, पहिल्या बोटावर सुईची भोकं होती. कामसू हात, त्याचा काहीच दोष नव्हता. मग त्यांनी डावा हात पुढे केला. इतकी वर्षं तो पुढे यायचा आणि मागे जायचा, आज मागे गेला नाही. बोटांनी तुकडा धरला, उचलला. आणि हाताला पुढचं काही आठवेना. किती जोर लावायचा, कुठे थांबायचं, काहीच नाही. बोटं आवळली गेली, भात फुटला, मासा घसरला. शितं ओट्यावर विखुरली.

टेलरबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं होतं, बांधलेला असला तरी तो आत कुठेतरी वाट बघत असेल. सोडला की धावत येईल. तो केव्हाच कंटाळून निघून गेला होता.

“आ-आजी,” बिट्टी भरल्या तोंडानं म्हणाली, “घट्ट नाही धरायचं. असं.” तिनं आपली तीन बोटं हवेत धरून दाखवली.

टेलरबाईंनी तशी बोटं धरली. मालकानं शितं टिपून घेतली, हात ओला केला, भात घेतला, दुसरा तुकडा वळला. त्यानं तो त्यांच्यापुढे ठेवला, डाव्या हाताच्या बाजूला तिरका, आणि घाई नसल्यासारखा सुरी पुसत उभा राहिला.