उनाच्या हंड्यातले निखारे

मी एक जुना, तीन पायांचा बिडाचा हंडा आहे, मित्रांनो. गॉलवे शहराच्या बाजारातून उनाच्या आईने मला घेतले आणि लग्नात लेकीला दिले. उनाच्या चुलीवर मी बटाटे उकडले. शेतातले बटाटे कुजले त्या वर्षी समुद्राचे शेवाळही उकडले. "हा हंडा होता म्हणून पोरं तगली," असे उना म्हणायची. यापेक्षा मोठे कौतुक माझ्या वाट्याला आले नाही.

तिचा नवरा तापाने गेला आणि जमिनीचा खंड थकला. मेच्या पहिल्या तारखेला जमीनदाराचे लोक आले. घर ताब्यात घेताना आधी चूल विझवायची, ही त्यांची रीत. माझ्यातलेच पाणी त्यांनी चुलीत ओतले, मग छप्पर पाडले. पावसात उना मला घेऊन शेजारच्या बार्बराकडे गेली. कडेवर तान्ही विनी आणि मागे छोटा मार्टिन होता.

"बार्बरा, दोन निखारे दे गं. पोर गार पडलीय."

"अगं बाई, आज मेचा पहिला दिवस! आज घरातला विस्तव बाहेर गेला तर वर्षभर लोणी यायचं नाही. एकच तर गाय आहे माझी. उद्या ये, हंडाभर देते."

"उद्यापर्यंत ही राहायला हवी ना!"

बार्बरा रडली, पण तिने दार लावले. विनी पहाटे गेली.

मार्टिन मोठा होऊन कुळांचा पुढारी झाला. हाकललेल्या माणसाची जमीन जो घेईल त्याच्याशी बोलू नका, त्याला काही विकू नका, विस्तवही देऊ नका, असे तो सभांतून सांगे. जमीनदारांचे धाबे दणाणले. मलाही त्याचा फार अभिमान वाटायचा.

पुढे बार्बराच्या मुलाने तशीच जमीन घेतली. गावाने घर वाळीत टाकले, तसा तो म्हातारीला टाकून पळाला. ऐन थंडीत तिची चूल विझली. दुकानदार काडेपेटी देईना. विस्तवासाठी ती उनाच्या नव्या झोपडीच्या दारात आली. उनाने मला निखाऱ्यांनी भरले.

"मला देतेस? मी तर तुला त्या दिवशी..."

"गप गं. चल पुढे, वारा सुटलाय."

भर दिवसा, सगळ्या गावादेखत, उनाने मला बार्बराच्या घरी नेले.

संध्याकाळी मार्टिन आला. "आई, आता लोकांना मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"विनीचं मरण तूच सभेत सांगतोस ना रे?"

"ते जमीनदारानं केलं."

"घर त्यानं पाडलं. दार बार्बरानं लावलं. तसं दार मी लावायचं?"

मार्टिन टोपी उचलून निघून गेला. गावाने उनाशीही बोलणे टाकले. बार्बरा सोडली तर तिला कुणी माणूस उरले नाही, आणि त्या एकटेपणानेच ती खंगली.

ती गेली तेव्हा मार्टिन धावत आला. शवपेटी उचलायला चार माणसे हवी होती. गावातले पुरुष रस्त्यापलीकडे उभे होते.

"या रे, हात लावा," तो म्हणाला. कुणी हलले नाही.

"दादा," एक जण खाली मान घालून म्हणाला, "तुमच्या शब्दाखातर आमची पोरं तुरुंगात गेली. तो शब्द आता तुमच्या आईसाठी मोडायचा?"

मार्टिन पेटीकडे वळला. एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला म्हातारी बार्बरा, अशी ती पेटी निघाली. वाटेत ती दोनदा चिखलात टेकली.

मित्रांनो, मला आता तडा गेला आहे. मला घासूनपुसून ठेवा, असे माझे म्हणणे नाही. पण रिकामे भांडे घेऊन कुणी दारात आले, तर आधी ते भरा. दिवस कोणता आणि माणूस कुणाचा, हे मागाहून विचारा.