पेटीला पाठ झालेले डॉक्टर

दातांच्या डॉक्टरांचा एक लाडका समज होता, की आपण बोलायला लागलो की माणसं आ वासून ऐकतात. ते खोटंही नव्हतं. फक्त तो आ त्यांनीच वासायला लावलेला असे, आणि त्यात आरसा, कापसाचे बोळे आणि पाणी ओढणारी नळी असे. अशा श्रोत्याला मधेच उठून जाता येत नाही. डॉक्टरांची गोष्ट दाढ कोरताना रंगत जाई आणि चूळ भरायला सांगताना संपे.

घरी बायकोही डॉक्टरच होती, पण यंत्रांना भाषा शिकवण्यातली. दात दुखला की दोघांपैकी कोणाकडे जायचं याबद्दल इमारतीत दुमत नव्हतं. तिच्याकडे कशासाठी जायचं हे मात्र कोणालाच, अगदी तिच्या नवऱ्यालाही, धड सांगता आलं नसतं. एका संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून चपलांच्या खोक्याएवढी पेटी घेऊन आली आणि तिने ती जेवणाच्या टेबलावर, डॉक्टरांच्या वर्तमानपत्राच्या जागेवर ठेवली. पेटीवर एक केशरी दिवा होता.

"ही महिनाभर आपलं बोलणं ऐकणार आहे," ती म्हणाली. "तिकडे सगळे पुस्तकातल्यासारखं बोलतात हो. मला अर्धवट वाक्यं हवीयत, कुरकुर हवीय."

"मग अगदी योग्य घरी आलीय," डॉक्टर म्हणाले.

जेवताना तिने समजावून सांगितलं. नेहमीची यंत्रं प्रत्येक शब्दावर सारखीच मेहनत घेतात, म्हणून त्यांना ढीगभर वीज लागते. माणसाचा मेंदू मुलखाचा आळशी. समोरचा पुढे काय बोलणार याचा तो आधीच अंदाज बांधतो, आणि अंदाज बरोबर निघाला की स्वस्थ बसतो. चुकला तरच त्याच्या पेशी जाग्या होतात, आणि त्या चुकीतून तो शिकतो. या पेटीत तशाच पेशी तिने बनवल्या होत्या. त्या जाग्या झाल्या की दिवा लागणार.

सुरुवातीचे दिवस डॉक्टरांचे सोन्याचे गेले. ते 'अगं' म्हणाले की दिवा लागे, टॉवेल मागितला तरी लागे. आत्याची कवळी विहिरीत पडल्याची गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा तर तो लुकलुकायचा थांबेचना. "याला म्हणतात जाण," ते बायकोला म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पेटीवरची धूळ त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसली.

मग हळूहळू दिवा मंदावला. एका सकाळी चहाचा घोट घेऊन डॉक्टर नेहमीप्रमाणे म्हणाले, "साखर नाहीये यात. मला पुरेसा गोड समजलीस वाटतं." आणि त्यांनी पेटीकडे बघितलं. पेटी ढिम्म. त्यांनी कवळीची गोष्ट काढली. आत्या विहिरीपर्यंत पोचली, वाकली, कवळी पडली, तरी अंधार. तेवढ्यात फ्रिज दुरुस्त करायला आलेला माणूस दारातून नुसतं "कुठाय फ्रिज?" म्हणाला आणि दिवा लखकन पेटला.

"बिघडली तुझी पेटी," डॉक्टर म्हणाले.

"छे, उलट मस्त चाललीय," बायको खुशीत म्हणाली. "तुमचं बोलणं पाठ झालंय तिला. तुम्ही तोंड उघडायच्या आत तिला पुढचं ठाऊक असतं. मग कशाला जागी होईल?"

"आणि तू?"

"मी काय, मीही मेंदूच वापरते की," ती हसून म्हणाली आणि फ्रिजवाल्याला स्वयंपाकघर दाखवायला गेली.

ती थट्टेत बोलली होती, पण डॉक्टरांना ते लागलं. एवढी वर्षं आपण बोलतोय आणि समोर दिवाच लागत नाहीये, म्हणजे या घरात आपण पंख्याच्या घरघरीसारखे झालो की काय, असं त्यांच्या मनाने घेतलं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती ही पेटी.

दवाखान्यात त्यांनी मदतनीस ताईंना आडून विचारलं, "ताई, माझ्या गोष्टींचा कंटाळा येतो का हो?"

"नाही सर," ताई चिमटे पुसत म्हणाल्या. "उलट सोय होते. तुमची आत्या विहिरीवर आली की मी पुढच्या पेशंटला आत बसवून घेते."

डॉक्टरांनी मग कंबर कसली. काहीही करून, पेटी परत जायच्या आत, एकदा तरी तो दिवा आपल्या बोलण्याने लागलेला बायकोने बघायला हवा. ते नवे विनोद शोधून आले, पण शेवट आधी सांगून बसले. चहाऐवजी कॉफी मागितली. दिवा एकदा किंचित लुकलुकला, आणि कॉफी त्यांना सोसत नसल्यामुळे दिवसभर पोटात जळजळ झाली. एकदा त्यांनी वर्तमानपत्र खालून वर वाचून दाखवलं. तेव्हा दिवा चांगला लागला, पण बायको मान वर न करता म्हणाली, "अहो, निरर्थक काहीही बोललं की लागतोच तो. परवा तुम्ही शिंकलात तेव्हा याहून जास्त लागला होता."

शिंकेच्याही खाली आपला नंबर लागलेला ऐकून डॉक्टरांचा धीर सुटला. शेवटच्या दिवशी त्यांनी हात टेकले. रोज पन्नास जणांना मिठाच्या गुळण्या करायला सांगणारा हा माणूस त्या सकाळी स्वतःच मिठाची गुळणी धरून बसला. चहात साखर नव्हती, तरी ते बोलले नाहीत. दिवा लुकलुकला, पण डॉक्टर पेपराआड होते आणि बायको कपाटात फाईल शोधत होती.

ती निघाली. पेटी संध्याकाळी न्यायची होती, सकाळी नुसती बैठक होती. तिने दाराची कडी खटकन काढली आणि उभ्यानेच एका पायात चप्पल घातली. रोज याच क्षणी, लग्न झाल्यापासून रोज, डॉक्टर पेपरातून मान न काढता म्हणत असत, "पोचलीस की कळव." ती 'हो' म्हणत असे आणि कळवत नसे.

डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटले.

पेपराच्या कागदातून त्यांना उजेड दिसला. त्यांनी पेपर खाली केला. दिवा पेटला होता. लुकलुकत नव्हता, फ्रिजवाल्यासाठी लागला होता तसा क्षणभरापुरताही नव्हता. पूर्ण तेजाने पेटला होता आणि विझायचं नाव घेत नव्हता.

त्यांनी दाराकडे बघितलं. बायकोची पाठ पेटीकडे होती, तिला दिवा दिसत नव्हता. तरी ती एका पायात चप्पल, दुसरा पाय अधांतरी, अशी थांबली होती. मग ती वळली, तशीच लंगडत आत आली आणि तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय," डॉक्टर म्हणाले. "तो का पेटलाय पण? मी तर काही बोललोच नाही."

बायकोने आता दिव्याकडे बघितलं.

"म्हणूनच पेटलाय," ती म्हणाली. "येणार म्हणून धरून चाललेलं आलं नाही, की सगळ्या पेशी एकदम जाग्या होतात. पेटीच्या काय आणि माणसाच्या काय." मग स्वतःच्या अनवाणी पायाकडे बघून म्हणाली, "माझी तर दुसरी चप्पल घालायचीच राहिली."

डॉक्टरांना फार बरं वाटलं. इतकं, की आपण रागावलो होतो याचीच त्यांना लाज वाटली. ती तिथेच उभी होती, हात अजून कपाळावर, आणि बैठकीला उशीर होत होता. ती कशासाठी थांबलीय हे कळायला डॉक्टरांना थोडा वेळ लागला.

"पोचलीस की कळव," ते म्हणाले.

दिवा विझला.

"हो," ती म्हणाली, दुसरी चप्पल घालून जिना उतरून गेली, आणि पोचल्यावर तिने कळवलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी दुपारी एकदा फोन बघितला, हसले, आणि समोरच्या उघड्या तोंडाला आत्याच्या कवळीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले.