खिडकीतली तालीम

कालिंदीबाईंनी उजवा पाय वीतभर उचलला, खिडकीचा गज घट्ट धरला आणि नवऱ्याला विचारलं, "अहो, अजून किती वेळ?"

"आठ म्हणेपर्यंत," ढुंढिराजपंत म्हणाले. "तीन."

"मघाशीही तीनच होते!"

"मघाशी तू पाय टेकला होतास."

हे त्यांना दिसणं शक्य नव्हतं. ते खिडकीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पाटावर बसले होते. पण चाळीस वर्षं मल्लखांब शिकवलेल्या माणसाला टेकलेला पाय ऐकू येतो. समोरच्या खिडकीत, रामघाटाच्या गल्लीपलीकडे, शास्त्र्यांची सून शरदिनी कालिंदीबाईंच्या पायावर डोळे लावून आपला पाय उचलत होती. गल्ली एवढी अरुंद की दोन्ही घरांनी एकदम हात पुढे केला असता तर लिंबू सहज पलीकडे गेलं असतं. तरी परपुरुषानं शेजारच्या सुनेला 'पाय उचल' म्हणणं काशीत चालण्यासारखं नव्हतं. स्वतःच्या बायकोला म्हणायला मात्र कोणाची हरकत असणार? त्यामुळे चोपन्नाव्या वर्षी, गुडघे गेलेल्या अवस्थेत, कालिंदीबाई तालमीत दाखल झाल्या होत्या.

"कशी करतेय?" पंतांनी भिंतीला विचारलं.

"डावा पाय फरफटतोय. जोडवं खर्र वाजतंय."

"नजर पायावर आहे?"

"माझ्या पायावर आहे. हसतेय मेली मला."

"हसू दे. दम लागायच्या आत थांबायचं. आणि मानेवर ओला पंचा ठेव म्हणावं."

"शरू, मानेवर ओला पंचा ठेव गं," कालिंदीबाई म्हणाल्या, जणू आधीचं बोलणं गल्लीच्या मध्यावरूनच परत फिरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी शरदिनीच्या एका डोळ्यापुढे महिनाभर धुकं आलं होतं. ते गेलं. मग बोटं बधिर झाली, तीही सुधारली. यंदाच्या चैत्रात पाय गेले. जमिनीवर पाऊल ठेवलं तर गोधडीवर ठेवल्यासारखं वाटे, आणि पाऊल नेमकं कुठे आहे ते पाहिल्याशिवाय कळत नसे. मोठ्या इस्पितळातल्या गोऱ्या डॉक्टरानं 'डिसेमिनेटेड स्क्लेरोसिस' असं नाव सांगितलं. एवढं मोठं नाव सापडलं म्हणजे औषधही सापडलेलंच असणार, असं तिच्या नवऱ्याला, विष्णुशास्त्र्यांना वाटलं. डॉक्टर म्हणाला, पडून राहू द्या. वैद्यांनी गरम तेलाचा शेक सांगितला. शेक घेतला की पाय भिजल्या वातीसारखे होत. मग वैद्य शेक वाढवत. ग्वाल्हेरच्या मामांनी, म्हणजे तिच्या सासूच्या भावानं, पत्रातूनच निदान केलं होतं : येतो नि जातो तो आजार कसला? ती सवय.

आश्विनात मानमोडीच्या तापाची साथ आली. गल्लीत तिला जंगी बुखार म्हणत, कारण ती विलायतेतल्या लढाईबरोबर आली असं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. दारं लागली, गळ्यात कापराच्या पुरचुंड्या आल्या आणि खालून दिवसभर 'राम नाम सत्य है' जाऊ लागलं. शेक देणारी बाई गावी निघून गेली. तिच्यामागे आठ दिवसांत शरदिनी भिंत धरून उभी राहिली. काशीत माणसं मरायला येतात. इथे कोणी बरं व्हायला लागलं की घरच्यांना थोडं अवघडल्यासारखंच होतं. ढुंढिराजपंतांनी मात्र पाहिलं तेवढ्यावरून ताडलं, की पोरीला गरमी बाधते आणि गारवा मानवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोला खिडकीत उभं केलं.

घाई होती. मामांचं नवं पत्र आलं होतं. तुळशीच्या लग्नाला येतो, सोबत एका मुलीची पत्रिका आणतो. शास्त्र्यांच्या घरी कार्तिकातल्या द्वादशीला तुळशीसाठी गंगेची कळशी सून वर आणते, ही चार पिढ्यांची रीत. जी सून कळशी आणू शकत नाही, तिच्या घरात दुसरी यायलाच हवी, असं मामांचं म्हणणं. विष्णुशास्त्र्यांना अख्खी संहिता मुखोद्गत होती, पण 'नको' हा शब्द त्यांना तीत कुठे सापडला नव्हता. सासू सीताबाई वाईट नव्हत्या. त्या फक्त थकल्या होत्या, आणि थकलेल्या माणसाला भावाचं म्हणणं पटकन पटतं.

"चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत," शरदिनी एकदा खिडकीतून म्हणाली. "काकू, तुम्ही मोजल्यात कधी?"

"पायऱ्या काय मोजायच्या? पाय उचल."

आठ वर्षांपूर्वी घाट चढताना कालिंदीबाईंच्या गुडघ्यांनी जवाब दिला होता. तेव्हापासून त्यांनी गंगा पाहिली ती पितळी कळशीत. पंत रोज पहाटे ती भरून आणत आणि न्हाणीच्या दाराशी ठेवत. 'घाटावर फार गर्दी असते बाई,' असं त्या लोकांना सांगत. मानमोडीनं घाट ओस पाडले तेव्हा हे कारणही गेलं; पण विचारायला कोणी येत नव्हतं, तेवढं बरं.

मग पंतांनाच ताप भरला.

पहिल्या सकाळी कालिंदीबाई खिडकीकडे फिरकल्या नाहीत. त्या उशाशी काढा घेऊन बसल्या होत्या. पंतांचे डोळे मिटलेले, ओठ सुकलेले.

"एक," ते म्हणाले.

"अहो, गप्प पडा."

"दोन."

"जीव जायची वेळ आलीय आणि—"

"तीन. पाय ऐकू येत नाही मला."

कालिंदीबाई उठल्या. त्यांनी नाकावरून पदर घट्ट बांधला, खिडकीचा गज धरला आणि पाय उचलला. समोर शरदिनी आधीपासून उभी होती. तिनंही पाय उचलला.

दुसऱ्या दिवसापासून पंतांचा आवाजही गेला, आणि मोजणी कालिंदीबाईंकडे आली. नऊ दिवस. विष्णुशास्त्री तेवढे दिवस गंगेची कळशी उंबऱ्यावर ठेवून जात. त्या नऊ दिवसांत, भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या गुरूला कळली नसती अशी एक गोष्ट कालिंदीबाईंना दिसली. शरदिनीचा पाय सातपर्यंत शहाणा असे. आठव्याला वेडा होई. सातावर थांबवलं आणि चार श्वास जाऊ दिले, तर तो पुन्हा पहिल्यासारखा शहाणा.

ताप उतरल्यावर पंत पाटावर येऊन बसले. आवाज अजून कापत होता. "आठपर्यंत," ते म्हणाले.

"सात," कालिंदीबाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांत त्यांना कोणी आकडा सांगितला नव्हता.

"सात," ते म्हणाले.

द्वादशीला मामा घाटाच्या वरच्या पायरीवर उभे होते. लढाई संपल्याची बातमी येऊन चार दिवस झाले होते आणि तीत आपलाही थोडा हात असल्यासारखा त्यांचा चेहरा होता. मुलीची पत्रिका पगडीत खोचलेली. शेजारी सीताबाई, मागे खाली मान घातलेले विष्णुशास्त्री.

"वाटेत कोणाचा हात लागता कामा नये," मामा म्हणाले.

"नाही लागणार," शरदिनी म्हणाली.

"मग ह्या पुढे कशाला?"

"मी माझी चाललेय," कालिंदीबाई म्हणाल्या. "घाट काय तुमच्या ग्वाल्हेरचा आहे?"

त्या उतरू लागल्या. त्यांचं सगळं लक्ष पाठीमागच्या जोडव्यांकडे होतं. टक. टक. खर्र. मागे न बघताच त्या म्हणाल्या, "माझ्या टाचांकडे बघ." टक. खाली दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. कार्तिकातलं पाणी असं गार, की शरदिनीनं डोळे मिटले आणि तिच्या पोटऱ्या जाग्या होताना कालिंदीबाईंना दिसल्या. तिनं तांब्याची कळशी भरली, उजव्या कडेवर घेतली.

"चल."

एक, दोन, तीन. सातव्या पायरीला कालिंदीबाई थांबल्या, गंगेकडे वळल्या, हात जोडून मोठ्यानं म्हणाल्या, "मित्राय नमः!"

शरदिनीनं कळशी पायरीवर ठेवली, हात जोडले. चार श्वास.

"हे काय चाललंय?" वरून मामा ओरडले.

"सूर्यनारायणाला नमस्कार. आज द्वादशी, बारा घालायचे. तुमची काही हरकत?"

सूर्याला हरकत घेणं मामांना जमण्यासारखं नव्हतं. उलट, समोर नमस्कार चालला असताना आपण ताठ उभं राहणं बरं दिसेना. त्यांनीही हात जोडले.

चौदाव्या पायरीला "रवये नमः". एकविसाव्या पायरीला "सूर्याय नमः". पाण्यातल्या होडीतून एक नावाडी आधी नुसता बघत होता, मग त्यानंही वल्हं टाकून हात जोडले. वर मामांना बसावंसं वाटे, तेवढ्यात पुढचा नमस्कार येई. हिरण्यगर्भापर्यंत त्यांच्या कपाळावर घाम फुटला. शरदिनीचा पदर खांद्याला चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते, पण नजर एका जागी होती : पुढच्या पायरीवर टेकणाऱ्या दोन जाड, भेगाळलेल्या टाचांवर. सत्तराव्या पायरीच्या आसपास जोडवं एकदा खर्र वाजलं आणि कळशी हिंदकळली. सीताबाईंचा हात आपोआप पुढे झाला. त्यांनी तो तसाच मागे घेतला आणि पदराखाली धरून ठेवला.

"पुढच्या नमस्काराला पाचच राहिल्या," कालिंदीबाई मागे न बघता पुटपुटल्या. "सवित्रे आधीच होऊन गेला. त्याच्यापुढे काय गं?"

"अर्काय," शरदिनी धापा टाकत म्हणाली.

"बोलू नकोस. चढ."

टक. टक. अर्काय. टक. टक. चौऱ्याऐंशीव्या पायरीवर पाऊल टेकलं तेव्हा "भास्कराय नमः" शरदिनीनं स्वतःच म्हटलं, आणि ते गल्लीपर्यंत ऐकू गेलं असावं. कळशी काठोकाठ नव्हती, पण गळ्यापर्यंत होती.

मामांनी पगडी काढली. पत्रिका घामानं भिजून तिची शाई उतरली होती. मुलीचा मंगळ कुठल्या घरात होता ते आता मंगळालाच ठाऊक.

"दुसरी मागवता येईल," ते म्हणाले.

"दादा, आज तुळशीचं लग्न आहे," सीताबाई म्हणाल्या. "घरात एवढं एकच लग्न पुरे." मग त्या बाजूला झाल्या आणि सुनेला म्हणाल्या, "तू हो पुढे. कळशीवालीनं पुढे चालायचं असतं."

विष्णुशास्त्र्यांनी मान वर केली. शरदिनी पुढे निघाली. हा आजार जातो तसा परतही येतो, हे तिला ठाऊक होतं. पण येईल तेव्हा त्यालाही चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून यावं लागणार होतं.

कालिंदीबाई घरी आल्या. पंत पाटावर, भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"झालं?"

"झालं. चढताना जोडवं एकदाच वाजलं."

पंत पंच्यानं बराच वेळ तोंड पुसत राहिले.

कालिंदीबाई पाय धुवायला न्हाणीकडे गेल्या. दाराशी पितळी कळशी होती. कोरडी, आणि उपडी ठेवलेली.

"अहो, आज गंगा आणली नाहीत? विसरलात?"

"नाही," पंत भिंतीला म्हणाले. "तू खाली जाणारच होतीस ना."

कालिंदीबाईंनी खाली पाहिलं. पायांवर घोट्यापर्यंत गंगेचा गाळ होता, अजून ओला. त्यांनी एक गुडघा वाकवून पाहिला, मग दुसरा. मग कळशी उचलली, पदरानं स्वच्छ पुसली आणि होती तिथेच पुन्हा उपडी ठेवली.