मामांची कंबर आणि न पडलेला धक्का

आमचा धक्का पडला. हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे सांगता येणार नाही. बंदर खात्याच्या म्हणण्यानुसार धक्का पडलेला नाही. त्याचा काही भाग देखभालीसाठी पाण्याखाली घेण्यात आला आहे. मी कायदा पाळणारा माणूस आहे. तेव्हा धक्का पडलेला नाही असं धरून चालू.

आमच्या शहरात कंत्राटदार आधी आले आणि बंदर नंतर. आजोबांनी पहिल्या दगडी पायऱ्या बांधल्या तेव्हा त्यांना लागायला साधी होडीसुद्धा नव्हती. मग जहाजं आली, ती मोठी होत गेली, त्यांना मोठे धक्के लागले, आणि ज्याच्याकडे फावडं होतं तो कंत्राटदार झाला. ज्याच्याकडे तेही नव्हतं तो अभियंता. त्या धांदलीत एक गोदाम उद्घाटनाच्या भाषणातच खचलं. भाषण मात्र पूर्ण झालं. तेव्हाच्या बंदरप्रमुखाने नियम काढला: धक्का असो की पूल, वरून भरलेले ट्रक जातील तेव्हा बांधणाऱ्याने भागीदारासकट खाली होडीत बसायचं.

बंदरप्रमुख गेला, नियम राहिला. तो रद्द करा म्हणायला कोणी धजेना. जो म्हणेल त्याच्याच कामाकडे लोक वाकून बघणार. एका बहाद्दराने स्वतःऐवजी सासूला बसवलं होतं. तो पूल अजून उभा आहे. पडायची त्याचीही हिंमत झाली नाही, असं म्हणतात.

या धक्क्यात बाबांचे भागीदार म्हणजे माझे सख्खे मामा. खांब बाबांचे, वरचा स्लॅब मामांचा. बाबा प्रत्येकाच्या काँक्रीटचा नमुन्याचा ठोकळा फोडून बघायचे, स्वतःच्यासुद्धा. फक्त मामांचा नाही. एकदा हातोडा घेऊन निघाले तर आई म्हणाली, "माझ्या भावाचा ठोकळा फोडणार? मग माझाही एक काढा, होऊन जाऊ दे." बाबांनी हातोडा ठेवला. पुन्हा उचलला नाही.

चाचणीच्या सकाळी झाडून सगळे कंत्राटदार काठावर खुर्च्या टाकून बसले होते. आईला पुढची खुर्ची मिळाली होती. बाबा स्लॅबखाली होडीत, मी वल्ह्याशी. मामा पायऱ्यांपर्यंत आले ते कंबरेवर हात ठेवूनच.

"दाजी, कंबर धरलीय. तुम्ही व्हा पुढे."

"कधीपासून?"

"हे काय, आत्ताच. गाडीतून उतरताना."

"मामा, होडीत बसायचंय," मी म्हणालो. "नाचायचं नाहीये."

"भाचेराव, मोठ्यांच्या कंबरेवर बोलू नये."

काठावरून एक म्हातारा रस्तेवाला ओरडला, "अहो, मेव्हण्यांची कंबर कोणी बांधली होती? इतक्यात वाकली!"

सगळे हसले. मामाही हसले आणि हसता हसता स्लॅबखालून टुणकन मागे सरले. कंबर धरलेला माणूस इतका चपळ मी पहिल्यांदाच पाहिला.

बाबांनीही पाहिलं. त्यांनी वल्हं उचलून त्याच्या टोकाने वरच्या स्लॅबला हलकेच टोचलं. भुरभुर वाळू त्यांच्या मांडीवर पडली. सिमेंट मामांनी मिठासारखं घातलं होतं, चवीपुरतं.

"बाबा, उठा," मी कुजबुजलो.

बाबा आईकडे बघत होते. होडीतून उठले असते तर चारचौघांत तिला कळलं असतं की तिचा भाऊ चोर आहे. नाही उठले तर नुसता जीव जायचा. बाबा आयुष्यभर कमी दराची निविदा भरत आले होते. इथेही त्यांनी स्वस्त पडेल तेच निवडलं.

"तू उतर. होडी जड झालीय."

"मी कसला जड? काल तुम्हीच काडीपैलवान म्हणालात."

"उतर म्हटलं ना! आईजवळ जाऊन बस. आणि मामाला सांग, कंबरेला जप म्हणावं."

मी उतरलो. पहिला ट्रक गेला, टाळ्या पडल्या. दुसरा नियमाप्रमाणे मधोमध थांबला, आणि मग जे झालं नाही ते झालं.

ट्रकवाल्याला ओरखडाही आला नाही. तो दार उघडं ठेवूनच आला होता. "साहेबांनी बजावलं होतं ना," तो सगळ्यांना सांगत सुटला, "कर्रकन आवाज आला की उडी मार म्हणून." साहेब म्हणजे मामा.

बाबांना पाण्यातून काढलं तेव्हा त्यांचा पाय भलत्याच दिशेला बघत होता. मुख्य अभियंत्यांनी तिथेच नियम वाचला: बांधणारा जिवंत बाहेर आला तर काम पास. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा खोकले. पास.

न पडलेल्या धक्क्याच्या दुरुस्तीचं काम मामांना मिळालं.

संध्याकाळी मामा दवाखान्यात आले. कंबर बरी होती. आईने त्यांना बस म्हटलं नाही.

"ट्रकवाल्याला सांगितलंस," ती म्हणाली. "यांना का नाही सांगितलंस?"

"अगं ताई," मामा समजुतीने म्हणाले, "दाजींना सांगितलं असतं तर ते बसलेच नसते. मग चाचणी कशी झाली असती?"

आईने बाबांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. मामांशी ती अजून बोलत नाही. म्हणून मी खात्याला अर्ज केला, तो असा:

*मा. मुख्य अभियंता यांस. महोदय, धक्का पडलेला नाही हे अर्जदारास मान्य असून त्याबाबत तक्रार नाही. तथापि अर्जदाराच्या आईस पुरवण्यात आलेला भाऊ निकृष्ट दर्जाचा आढळला आहे. तरी सदर भावास काळ्या यादीत टाकून, त्याच्या जागी आईस दुसरा भाऊ तिच्या लहानपणापासून, पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.*